पट्टी आज तुझी तूच बदल

दादा,

मी मुलाखतीला गेले आहे. हो, त्याच हॉस्पिटलात. काल मी आंघोळीला गेले असताना तू माझा फोन उचललास आणि मेट्रनबाईंना परस्पर सांगून टाकलंस, "आमच्या घरातली मुलगी रात्रपाळी करणार नाही." तुला कुणी विचारलं होतं? नर्सिंगच्या परीक्षेसाठी आठ महिने रक्त आटवलं ते मी. त्यांनी माझं नाव यादीतून काढलं होतं. आज सकाळी फोनवर गयावया करून दुपारची शेवटची वेळ मिळवली.

तुझ्या पायाच्या ऑपरेशननंतर तीन रात्री तुझ्या उशाशी कोण उभं होतं, आठवतं? ती नर्सही कुणाची तरी बहीणच होती. तिच्या दादानेही असाच फोन उचलला असता तर?

ड्रेसिंगचं सामान टेबलावर काढून ठेवलं आहे. आधी साबणाने हात धू. जुनी पट्टी खसकन ओढू नकोस, सलाईनने भिजवून मग सोडव.

संध्याकाळी आल्यावर जखम मी बघणारच आहे. बोलणार मात्र नाही.