आप्पांची मिरज

१२ नोव्हेंबर
मॅक्रो राहिला! बाकी सगळे विषय सुटले आणि हा एकटा गळ्यात. समग्रलक्षी अर्थशास्त्र — नाव एवढं लांबलचक, की नापास झाले हे सांगतानाही धाप लागते. परत पेपर डिसेंबरात. तेव्हाही राहिला तर वर्ष गेलंच.
घरी सांगितलं. आप्पा ओट्यावर बसले होते, नुसतं 'हं' म्हणाले. पूर्वी सेलमहून फोनवर ओरडले तरी असते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१४ नोव्हेंबर
आप्पांना घरी येऊन दोन महिने होतील. बावीस वर्षं सेलमला गलाईचं दुकान — जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. आमच्या गावचे निम्मे पुरुष याच धंद्यात, कुणी तमिळनाडूत, कुणी पंजाबात. यात्रेला मोटारी घेऊन येतात, गाव त्यांना शेठ म्हणतं. आप्पा म्हणजे लालासाहेब शेठ. मग मोठे मशीनवाले आले, गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि आप्पांनी शटर ओढलं ते कायमचं. सोन्याचा भाव आभाळाला टेकलाय आणि सोनं गाळणारा माणूस सकाळपासून ओट्यावर!
कुणी विचारलं, शेठ, परत कवा? तर म्हणतात, यात्रा झाली की जायचं. सगळ्यांना माहीत आहे, दुकान नाही. तरी सगळे मान डोलावतात.
मला त्यांचा राग येतो. बापाचा राग येऊ नये म्हणतात. येतो पण.

१८ नोव्हेंबर
मॅक्रोच्या जादा तासाला बेकारी शिकवली. काम नाही आणि शोधतोय, तो बेकार. काम नाही आणि शोधतही नाही, त्याला बेकारांतही धरायचं नाही — तो श्रमशक्तीच्याच बाहेर. मग मजुरीवर आलो. मंदीत मजुरी लगेच का उतरत नाही? माणूस हातचं गेल्यावर खालचं काम का धरत नाही? ज्ञानदा म्हणाली, 'लाज वाटते म्हणून.' वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही लोक हेही कारण मांडतात, लिहून घ्या.
प्रत्येकाने आपल्या गल्लीत विचारून यायचंय — कोण कामाला, कोण शोधतंय, कोण दोन्हींत नाही.

१९ नोव्हेंबर
आज नको तो शहाणपणा केला.
जेवताना आईला गल्लीचं सांगत होते. कोण कशात बसतं वगैरे. मला वाटलं, चला, कुणाला तरी समजावता येतंय म्हणजे आपल्याला कळलंय! आईने सहज विचारलं, 'मग ह्यास्नी कशात घातलंस?'
मी म्हणाले, 'कशातच न्हाई. आप्पा काम शोधत न्हाईत. त्यांना मोजत न्हाईत.'
आप्पांचा हात ताटात थांबला. आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. आप्पा एवढंच म्हणाले, 'बराबर हाय की.' आणि जेवले. भाकरी मागून घेऊन जेवले.

२० नोव्हेंबर
आप्पा पहिल्या गाडीने मिरजेला गेले. का, ते सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर
आज परत मिरज. आमच्या गावचा माणूस मिरजेला जातो तो दवाखान्यासाठी, नाहीतर रेल्वे पकडायला. आप्पा संध्याकाळी घरी असतात, म्हणजे रेल्वे नाही.
शेजारच्या शालूबाई आईला विचारून गेल्या, 'शेठ कुनाला दाखवत्यात?' वर हेही सांगितलं, की बावीस वर्षं भट्टीचा धूर आणि अ‍ॅसिडची वाफ म्हणजे छातीत काही उरत नसतं. रात्री आईने आप्पांना विचारलंच. त्यांनी आधी मिरजेला नेलेली पिशवी उचलून फडताळात ठेवली. मग म्हणाले, 'व्हय, छातीचंच. दाखवायला लागतंय रोज. बोभाटा करू नगा.'
रोज! साध्या खोकल्याला कोण रोज बोलावतं?

१ डिसेंबर
पाय सुजतात त्यांचे. संध्याकाळी चपला निघत नाहीत. आई कोमट तेल लावते आणि तोंड फिरवून डोळे पुसते. पिशवीला हात लावू देत नाहीत. आईची खात्री, त्यात रिपोर्ट आहेत. आप्पा बरे होईपर्यंत तिने गोड सोडलंय. चहासुद्धा बिनसाखरेचा.
मी मॅक्रोतले आयएस-एलएमचे वक्र काढत बसते. एक इकडे सरकवला की समतोल तिकडे. हजारदा काढले. डोक्यात काही शिरत नाही. एकच वाक्य फिरतं — त्यांना मोजत न्हाईत. कुठल्या तोंडाने म्हणाले मी!

५ डिसेंबर
आज सांगलीपर्यंत, म्हणजे माझ्या कॉलेजच्या गावापर्यंत, आम्ही एकाच गाडीत. ते पुढे, मी मागे. स्टँडवर उतरून ते मिरजेच्या गाडीकडे निघाले. मी मागोमाग गेले. म्हणाले, 'आप्पा, मी येऊ का संगट?'
'तू तुजं कालीज बघ.' तुसडेपणाने बोलले. मग दोन पावलं परत आले. 'पास हो. माजं काय न्हाई.'
वर्गात गेले नाही. मुलींच्या खोलीत बसून रडले. ज्ञानदाने पाणी आणून दिलं. तिला वाटलं, पेपरच्या भीतीनं. तेच वाटू दिलं.

९ डिसेंबर
हॉल तिकीट आलं. राहिलेल्यांचं केंद्र मिरजेतलं एक कॉलेज! ठरवलंय — पेपर संपला की एकेक दवाखाना पालथा घालायचा. कुठेतरी बाकावर बसलेले सापडतीलच. त्यांच्या देखत डॉक्टरांना विचारणार, किती दिवस आहेत ते. आईला आधी सांगणार नाही.

१० डिसेंबर
अभ्यास शून्य. पास झाले तरी कुणाला सांगायचं?

१२ डिसेंबर
कॉलेजच्या गेटवर आप्पा होते. निळा गणवेश, टोपी, गळ्यात शिट्टी. रांगेतल्या एकेकाचं हॉल तिकीट बघून आत सोडत होते. माझी पाळी आली. फोटो पाहिला, मला पाहिलं. मागे मुली उभ्या होत्या.
'मोबाईल बाहेर ठेवा, ताई.'
ठेवला. आत गेले, पेपर लिहिला. मजुरी लगेच का उतरत नाही, हा प्रश्न आलाच होता. ज्ञानदाचं लाजेचं कारण मी लिहिलं नाही.
संध्याकाळी आई त्यांच्या पायाला तेल लावत होती. विचारलं, काय म्हणाले आज डॉक्टर? आप्पा पाय आखडून घ्यायला लागले. मीच म्हणाले, 'आज मी भेटले की डॉक्टरास्नी. आप्पास्नी काय बी झालं न्हाई. पर रोज जावं लागंल म्हनाले.'
आई तशीच तेलकट हाताने उठली आणि चिमूटभर साखर तोंडात टाकली.