रणधीरराव नावाचे पणजोबा

ताइफ, सौदी अरेबिया

तीर्थस्वरूप बाबुकाका यांच्या पायांवर बाळकृष्णाचं डोकं. काकूंच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला असेल आणि तुम्ही त्यांच्या वाटणीचा चहा पीत नसाल, अशी आशा आहे. आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मुग्धा आणि ओम खुशाल. माझं धाबं दणाणलेलं आहे, म्हणून हे पत्र नाशिकला निघालेल्या विपुलच्या हाती देतोय.

इथे डोंगरात एका परदेशी सिनेमाचं शूटिंग चालू आहे. आमच्या कंपनीने त्यांना चार जनरेटर भाड्याने दिले आणि जनरेटरसोबत मला. त्या सिनेमात टोळीचा सरदार झालेला हेमी तौकारे हा न्यूझीलंडचा माओरी, म्हणजे तिथला मूळचा माणूस. चेहराभर गोंदण (मेकअपवाला रोज तासभर खपून ते झाकतो). तरुणपणी तो मेंढ्यांची लोकर कातरायचा. गावात आलेल्या सिनेमावाल्यांना घोड्यावरून पडणारा माणूस हवा होता. हा पडला आणि पुढे तीस वर्षं पडतच राहिला. मंगोल झाला, समुद्री चाचा झाला, दोनदा अरब झाला, एक्केचाळीस सिनेमांत मेला. (इथल्या एका शेखसाहेबांनी त्याला नाकाला नाक लावून सलाम केला, तर यानेही सवयीने तसंच केलं. माओरींकडेही तीच रीत आहे म्हणे. मी बघतच राहिलो.)

परवा दुपारी जेवताना त्याने मला विचारलं, तू कोण? मी म्हटलं, जनरेटरचा इंजिनिअर. ते नको म्हणाला. डोंगर कुठला, नदी कुठली, माणसं कुठली? आणि स्वतःच्या अठरा पिढ्या त्याने घडाघडा म्हणून दाखवल्या, त्यांचे पूर्वज ज्या होडीतून आले तिच्या नावासकट. मी ब्रह्मगिरी म्हटलं, गोदावरी म्हटलं, वडील वसंत, आजोबा दगडू, आणि पुढे बोबडी वळली. काका, श्राद्धाला गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं की मी आजवर तुमच्याकडे बघत आलोय. इथे तुम्ही नव्हतात. मी ठोकून दिलं, रणधीरराव. नुसत्या हातांनी वाघ मारला, असंही वर जोडलं (ते कशाला जोडलं, हे मुग्धा दोन दिवस विचारतेय).

तो माणूस ताट बाजूला सारून उभा राहिला आणि रणधीररावांसाठी मान खाली घालून अख्खं गाणं म्हणाला. शेजारचे लाइटवालेही उठले. मग त्याने सांगितलं की त्याचे वडील शहरात खाटीकखान्यात कामाला होते, घरातलं काही बोलायचेच नाहीत. पुढे एकदाच त्याला माओरी सरदाराचं काम मिळालं. शूटिंग बघायला आलेल्या एका म्हातारीने विचारलं, तू कुणाचा रे? त्याला सांगता येईना. त्याने तो सिनेमा सोडला, दोन वर्षं कामं घेतली नाहीत आणि म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून सगळी नावं शिकला. आणि आता शूटिंग संपलं की तो बायकोला घेऊन नाशिकला येणार आहे. रणधीररावांच्या गावाला पाया पडायला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळकृष्ण

ता.क. : काका, त्र्यंबकेश्वरला आपल्या उपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावं आहेत ना? तेवढी उतरवून पाठवा. वाघाची चौकशी करू नका.

पुन्हा ता.क. : पाकीट चिकटवलेलं फोडलं. आज सकाळी मला राहवेना, हेमीला सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं होतं, उचलून आपटेल. त्याने विचारलं, मग पणजोबांचं खरं नाव तुला कोण सांगणार? मी म्हटलं, माझे काका. त्यांचं नाव काय, म्हणाला. मी म्हटलं, बाबुकाका. ते लाडाचं झालं, म्हणाला, खरं सांग.

काका, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि मला सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मेलेल्यांचं नंतर बघ. आधी जिवंत आहेत त्यांना विचार."

तर तुमचं नाव काय?