बाकांचा भुसा

ता. ४ जानेवारी

चि. चिमणीस आजोबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या प्रयोगासाठी लाकडाचा भुसा पाठवला आहे. वखारीत माझ्या शाळेचे जुने बाक चिरायला आले होते. म्हटलं, आमच्या नातीला साधा भुसा कशाला? ज्या बाकांवर ठेका धरून पोरांनी कविता म्हटल्या, त्यांचाच घे. शेवटच्या बाकावर तुझा बाप, कविता पाठ नाही म्हणून मान खाली घालून. आता तो राबतो तो कापड रंगवायचा कारखाना ओढ्यात रंग सोडतो म्हणून बंद पडला, तर या वयात त्याला दारात कोण उभं करील? रंग शोषणारा महागडा कोळसा मालकाला परवडत नाही. ओढ्याला जाणारं रंगीत पाणी तुझ्या भुशाने निवळेल का, कळव. डोळे शिणले, थांबतो. माया असू दे.

ता. १३ जानेवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

काय केलंत हे! स्वच्छ पाण्यात भुसा टाकून पाहिला, तर पाणीच निळं झालं. पोरांनी वर्षानुवर्षं सांडलेली शाई! विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, तू रंग काढायला निघालीस की घालायला? बाबा हसले, म्हणाले, मास्तरांनी गृहपाठ पाठवलाय. पण नीट जेवले नाहीत. मी फार थकलेय, आणि मालकांना प्रयोग दाखवायची संधी एकच उरलीय. खोक्यांच्या फळ्यांचा कोरा भुसा पाठवा. आठवणी नकोत.

रागावू नका.
तुमची चिमणी

ता. १९ जानेवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

चुकलं गं पोरी. कोरा भुसा पाठवतोय, खोकत खोकत चाळलाय. वखारवाला म्हणाला, मास्तर, याला कवितेचा वाससुद्धा लागलेला नाही. बाकांचा फेकून दे.

आजोबा

ता. २ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

भुसा उकळत्या पाण्यात धुतला, वाळवला. कारखान्याच्या पाण्यात ढवळून गाळलं, तर ग्लासातून पलीकडचे खिडकीचे गज दिसले! मालक खूश. म्हणाले, रंग पिऊन निळा झालेला हा भुसा द्या ओढ्याकाठी ओतून. मीही थकून हो म्हणणार होते, तेवढ्यात तुमचे बाक आठवले. इतक्या वर्षांची शाई त्यांनी भिजताच परत दिली, हाही देईल. मी नाही म्हटलं. मालक चिडले, मग रंग गेला कुठे? म्हटलं, गेला नाही, नुसती जागा बदलली. शेवटी बाबाच म्हणाले, मागच्या शेडमध्ये कोरडा ठेवू, पोती मी वाहीन. कारखाना तूर्त चालू राहील. त्या पोत्यांचं पुढे काय, ते मला शोधायचंय.

तुमचा भुसा फेकला नाही. बरणीत आहे. पाणी बदललं तरी अजून निळं होतं. बाबा येता-जाता बघतात. काल तुम्ही शिकवलेली एक कविता गुणगुणत होते, मधल्याच ओळीवर अडले. तेवढी ओळ लिहून पाठवा. माझ्यासाठी म्हणून पाठवा.

तुमची चिमणी