डोळ्यातला मोती

तीर्थरूप अक्काच्या पायांशी धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि भावजींचा खोकला ताळ्यावर आला असेल, अशी आशा आहे. अक्षर पाहून दचकू नकोस. मी सांगतो आहे आणि ही लिहिते आहे. (कंसातलं सगळं माझं, वन्सं. यांना सध्या वाचता येत नाही, तेवढ्यात लिहून घेते.)

झालं असं, की हेडमास्तरांच्या काळ्या कोटाची बटणं मी गडद निळ्या दोऱ्याने लावली. इतकी वर्षं शिलाई मशीनवर बसलो, पण असं कधी झालं नव्हतं. आधी बल्बवर संशय घेतला, तो बदलला. मग दोरेवाल्याला दोन शब्द सुनावले. (दोन नव्हेत. त्याने यांना दुकानाबाहेर काढलं.) शेवटी हेडमास्तरांनीच हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू निघाला.

अक्का, त्या शब्दापाशीच मी अडकलो. हेडमास्तर म्हणाले, वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांत अशा मंदावत जाणाऱ्या नजरेला ‘तिमिर’ म्हणत. म्हणजे सरळ अंधारच. आणि मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या बाहुलीत दिसणारा मोत्यासारखा पांढरट ठिपका. मला वाटतं, हे नाव ठेवणारा नुसता वैद्य नसावा. आपल्याच कुणाच्या तरी डोळ्यांत त्याने जवळून पाहिलं असेल, आणि अंधार म्हणायला त्याची जीभ रेटली नसेल. (हे ऐकून डॉक्टर म्हणाले, “काका, मोती छान आहे, पण काढावा लागेल. नाहीतर सुई-दोरा विसरा.” तेव्हापासून यांना तो सोडवत नाही.)

तो नीट पिकावा म्हणून मी थांबलो आहे. (डॉक्टर विचारतात, झाडाला लागलाय का?) भीती मुळीच नाही. देवापुढे बसतो तेव्हा दिव्याभोवती एक मोठं वलय दिसतं, बरं वाटतं. लहानपणी डोळ्यात कुसळ गेलं, की मी कुणालाही हात लावू देत नसे. तू मात्र पापणी उचलून हळूच फुंकर घालायचीस. ते उगीच आठवलं.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्याकडे काळा दोरा चांगला मिळतो. कुणाबरोबर तरी चार रिळं पाठव. किंवा जमलं तर तूच घेऊन ये. घाई नाही.

(वन्सं, काळ्या दोऱ्याने कपाट भरलं आहे. ऑपरेशन गुरुवारी आहे. मागच्या वेळी हे टेबलावरून उठून घरी आले, म्हणाले, “अक्का आली की बघू.” गुडघे सांभाळून या. रिळं नकोत, फुंकर तेवढी आणा.)