नाव लिहिलेलं अंडं

वसई, ईस्टरचा रविवार

आई, तुझ्या पोरीचा इथूनच पायलागू. मी बरी आहो. बाबाची ढास कमी झाली का? आपल्या एकोडीत उन्हाळी धानाले पाणी पुरून राहिलं का?

फोनवर बोलता येत नाही, मालकीणबाई बाजूलेच असते. म्हणून लिहून राहिली.

हे घर ख्रिस्ती. सणाच्या आठ दिवस आधीपासून बाई कांद्याच्या सालीही फेकू देईना. अंड्याले भोक पाडून आतलं फुंकून काढे, अन् टरफल सालीच्या पाण्यात लाल करे. परातीत गहू उगवले, आपल्या जवाऱ्यासारखे. त्यात लाल अंडी, मधोमध मेणबत्ती! मले तर करणीच वाटली.

काल एका अंड्यावर माझं नाव दिसलं. तू देल्ला ताईत दंडाले घट्ट बांधला.

आज पाहतो तर प्रत्येक ताटापुढे एक अंडं. ज्याचं नाव, त्याची खुर्ची. बाई म्हणाली, "रंजू, उभी का? बस ना."

बसली मी. पण आठ महिने मी सैपाकखोलीत खालीच जेवली, आई. कामवालीले कोणी उगाच टेबलावर बसवते का? ताईत अजून सोडला नाही.

अंडं मात्र ओढणीत गुंडाळून पेटीत ठेवलं आहे. फुटू देणार नाही.

तुझी रंजू