सहावा प्रयत्न माझा

कुंभकर्णा,

गीझर टक्कन बंद झाला तरी मी दचकले. तू रात्रपाळी करून आत्ताच झोपलायस आणि आम्ही मायलेकी मांजरीच्या पावलांनी वावरतोय.

टॅबवरचं, दिवसाला एकच येणारं पाच अक्षरी शब्दाचं कोडं आज सोडवू नकोस. माझे पाच प्रयत्न चुकलेत. सहावा, शेवटचा, मी रोज मुद्दाम संध्याकाळपर्यंत राखून ठेवते आणि तू उठल्या उठल्या भरून टाकतोस, वर म्हणतोस, "घे, सुटलीस!" राजा, अख्ख्या दिवसात तेवढंच माझं असतं रे.

जेवण झाकून ठेवलंय. आम्ही गच्चीवर जातोय, जरा मोठ्याने बोलायला. चप्पल घालता घालता लेक विचारतेय, "आई, शब्द सापडला की मग उद्यापर्यंत आपण काय करायचं?"