दोन-दोन ठोके

४ मार्च
परत तेच! विजीताईला किती वेळा सांगितलं, गल्लीचं काही मला कळवू नकोस. इथे मलेशियात, जोहोरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासतोय, तेवढं पुरे. तरी आज निरोप — "गल्लीचा इतिहास भिंतीवर रंगवतायत. बाहेरगावच्यांनीही वर्गणी द्यायचीय. तू चिकट, असं सगळं सेमारांग म्हणतं." म्हणू दे!

५ मार्च
पाठवणार नाही.

७ मार्च
ताईने भिंतीचा फोटो पाठवला. विहीर, पूर, बाटिकवाल्या बायका... मग आग. खाली ओळ — "पहारेकरी दार्सो आजोबांनी चुकीचे ठोके दिले. सात घरं जळाली."

त्या रात्री पहाऱ्याचा टोल, इशारा द्यायचा तो पोकळ लाकडी ठोकळा, माझ्या हातात होता. आजोबा चौकीमागे कॉफी उकळत होते. एकेक ठोका म्हणजे मयत, दोन-दोन चोर, तीन-तीन आग — शेंबड्या पोरालाही ठाऊक. जाळ बघितला आणि माझा हात दोन-दोनच पडत राहिला! लोक बादल्या सोडून काठ्या घेऊन धावले. गल्लीची तोंडं अडवली. पाणी घेऊन आलेल्या शेजारच्या पोरांनाच बडवलं.

आजोबांनी टोल हिसकावून तीन-तीन दिले. लोक चौकीत आले तेव्हा टोल त्यांच्याच हातात. "म्हातारा चळला!" म्हणून सगळे हसले. आजोबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. टोल स्वतःकडेच ठेवला.

मीही हसलो होतो. पुढच्या महिन्यात इकडे पळालो.

९ मार्च
ताईला फोन केला. आजोबा कसे आहेत?

"कसे असणार? भिंतीपुढून नको म्हणून मशिदीला नाल्याकडून जातात. परवा पडले. पोरं मागून दोन-दोन टाळ्या वाजवतात."

म्हटलं, ताई, ते ठोके माझे होते.

"तोहिर, त्या सातांत आपलंही घर होतं रे."

फोन ठेवला तिने.

१० मार्च
ताई फोन उचलत नाही.

१२ मार्च
गल्लीप्रमुख रुस्दीकाकांना सगळं सांगितलं. शिव्या दिल्या. मग म्हणाले, "ओळ खोडून नवी लिहायचे रंगारी वेगळे पैसे घेईल, ते तू दे. आजोबांच्या जागी नाव काय टाकू?"

"माझं. पोरांना लांबून वाचता येईल एवढं मोठं."

आज पाठवले — पंचेचाळीस रिंगिट.